मुधोळकरांची शंका

दिवाळीच्या फराळाला चार वकील जमले की घटनेची गोष्ट निघते, आणि ती हटकून १९७३ पासून सुरू होते. केशवानंद भारती खटला, तेरा न्यायमूर्ती, पालखीवालांचा युक्तिवाद आणि संसदेलाही मोडता येणार नाही अशी घटनेची ‘मूलभूत चौकट’! गोष्ट खरी आहे. पण तिचे पहिले पान फाडून ती सांगितली जाते. ते पान अमरावतीच्या एका घराण्यातले आहे, आणि ते फाडण्यात आपण वऱ्हाडी लोकच पुढे आहोत, ही आमची तक्रार.

न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. नागपूर व मुंबईच्या उच्च न्यायालयांत काम करून ते १९६० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे १९६४ साली, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ३० ऑक्टोबरला सज्जनसिंग खटल्याचा निकाल लागला. सतराव्या घटनादुरुस्तीने जमिनीसंबंधीचे चव्वेचाळीस कायदे नवव्या परिशिष्टात घातले होते. पाचही न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती कायम केली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या बहुमताने तर संसदेला मूलभूत हक्कही बदलता येतात, असे सांगून टाकले. तिथे दोघे अडखळले. एक हिदायतुल्ला, दुसरे मुधोळकर. दोघेही नागपूरच्या न्यायासनावरून आलेले. मुधोळकरांनी विचारले की, घटनेची मूळ लक्षणेच बदलली तर ती दुरुस्ती म्हणायची, की तेवढी घटना नव्याने लिहिणे? घराची भिंत सारवणे निराळे आणि तुळई काढून घेणे निराळे, हे आपल्याकडे कोणाही शेतकऱ्याला कळते.

यावर पंडितांचे दोन आक्षेप. पहिला, कल्पना उसनी. पाकिस्तानचे न्यायमूर्ती कॉर्नेलियस १९६३ सालीच असे बोलले होते. बोलले होतेच, आणि मुधोळकरांनी तो पाकिस्तानी निकाल न लपवता आपल्या निकालपत्रात घेतला. त्या काळी त्या देशातले शहाणपण उघडपणे घ्यायला छाती लागत असे. दुसरा आक्षेप, त्यांनी निर्णय दिला नाही, नुसती शंका काढली. अहो, तेच तर! अमेरिकेच्या जॉन मार्शलने १८०३ साली घटनाविरोधी कायदा रद्दबातल ठरवला, हे आपली कायद्याची मुले पाठ करतात. मार्शलपाशी सरन्यायाधीशाची खुर्ची होती आणि सहकाऱ्यांचे एकमत होते. मुधोळकरांपाशी यातले काहीच नव्हते. निकालाला संमती देऊनही शंका मात्र त्यांनी गिळली नाही.

जुलै १९६६ मध्ये त्यांनी मुदतीपूर्वीच राजीनामा दिला. १९७३ साली तीच शंका सात विरुद्ध सहा मतांनी सिद्धान्त झाली. २०२५ साली अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले, त्याचा आपल्याला आनंद झाला आणि व्हायलाच हवा. पण मुधोळकरांचे एखादे साधे मराठी चरित्र अकोल्या-अमरावतीच्या किती वाचनालयांत सापडेल? कोणा वाचकाला सापडले तर जरूर कळवावे. आम्ही तक्रार मागे घेऊ.