कुलूप नसलेली खोली



आल्प्स पर्वतात, जिथे मोटार पोहोचत नाही अशा उंचीवर, गिर्यारोहकांसाठी निवारे बांधलेले आहेत. 1863 साली स्थापन झालेल्या एकट्या स्विस अल्पाइन क्लबचेच असे सुमारे दीडशे निवारे आहेत. हंगामात तिथे राखणदार असतो. बूट दाराशी काढायचे, वहीत नाव आणि पुढची वाट लिहायची, गरम जेवण घ्यायचे, अनोळखी माणसांच्या शेजारी झोपायचे आणि पहाटेच्या अंधारात निघायचे. वाट लिहायची ती एवढ्यासाठी की, कोणी परतला नाही तर त्याला कुठे शोधायचे ते कळावे.

हिवाळ्यात राखणदार खाली उतरतो. पण पुष्कळ ठिकाणी एक खोली उघडी ठेवून जातो. तिला 'हिवाळी खोली' म्हणतात. आत पांघरुणे असतात, शेगडी असते, लाकडे असतात. येणाऱ्याने राहण्याचे पैसे आपणहून भरायचे, केर काढायचा, मागून येणाऱ्यासाठी लाकडे फोडून ठेवायची आणि दार नीट ओढून घ्यायचे. पाहायला कोणीही नसते.

आम्ही काही तिकडे गेलेलो नाही. हे सारे वाचलेले. तरी ती खोली मनातून जात नाही, त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री शेवटची बस चुकलेले एक मजूर कुटुंब आपल्या चर्चच्या फाटकाशी आले. फाटकाला कुलूप होते. लहान लेकराला घेऊन त्यांनी समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली रात्र काढली. सकाळी मिस्साला येताना आम्ही त्यांना पाहिले, चहा दिला, हळहळलो. किल्ली मात्र रात्रभर आमच्याच घरी खिळ्याला टांगलेली होती.

पुढच्या बैठकीत सभागृहामागची खोली वाटसरूंसाठी उघडी ठेवावी असा विषय निघाला. चोरी होईल, दारुडे येतील, जबाबदारी कोणाची, असे प्रश्न आले आणि विषय पुढे ढकलला गेला. हे प्रश्न खोटे नाहीत. मात्र ते आजचेही नाहीत.

इटली आणि स्वित्झर्लंडच्या मधल्या खिंडीत, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, संत बर्नार्ड यांनी 1050 च्या सुमारास वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. त्या वाटेवर हिमवादळांइतकीच लुटारूंचीही भीती होती, असे परंपरा सांगते. दार ठोठावणारा साधू की चोर, हे आधी ठरवत बसले असते, तर बाहेरचा माणूस गोठून गेला असता. 1964 साली खिंडीखालून बोगदा झाला आणि बहुतेक वाहतूक तिकडे वळली. तरीही तिथले धर्मगुरू हिवाळ्यात, बर्फातून पायी येणाऱ्यांचे आजही स्वागत करतात. पोप अकरावे पायस स्वतः गिर्यारोहक होते. 1889 साली माँटे रोझाच्या चढाईत त्यांनी एक रात्र उघड्या कड्यावर काढली होती. त्यांनीच 1923 साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आमचे मत स्पष्ट आहे. उघडे दार म्हणजे भाबडेपणा नव्हे. निवाऱ्यातही वही असते, नियम असतात, पाहुण्याने करायचे काम असते. आपणही तसेच करू. नाव लिहायची वही ठेवू, जवळच्या चार कुटुंबांनी आळीपाळीने लक्ष ठेवू, दोन सतरंज्या, पांघरुणे आणि पाण्याची घागर ठेवू. काही गेलेच तर एखादी सतरंजी जाईल. पण परक्याला घरात घेतले का, हा प्रश्न प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे (मत्तय 25), सतरंज्यांचा हिशेब नव्हे.

आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. त्या खोलीत सध्या काय आहे? नाताळच्या गोठ्याचे सामान. मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आपण दरवर्षी मुलांना शिकवतो, आणि त्यांचे पुतळे ठेवायला खोली अडवून बसतो.

आगमनकाळापूर्वी हा विषय पुन्हा बैठकीत मांडू या. पुतळ्यांची पेटी आम्ही आमच्या घरी ठेवून घेऊ. डोके टेकायला जागा नसलेला प्रभू आपल्याला दार उघडण्याचे धैर्य देवो. आमेन.