तूरमालेचा चढ आणि वर्तमानपत्राचा खप

टूर द फ्रान्स या सायकल-शर्यतीचा इतिहास सांगताना पर्वतांचे वर्णन देवतांसारखे करण्याची एक प्रथाच पडली आहे. तूरमाले, गालिबिए, व्हांतू ही नावे उच्चारताच लेखक सद्गदित होतात आणि हे पर्वत जणू आदिकालापासून स्वारांची प्रतीक्षा करीत उभे होते, असा आभास निर्माण करतात. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०३ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा तिच्या मार्गात पिरेनीज नव्हता आणि आल्प्सचे उत्तुंग घाटही नव्हते. ते मागाहून आणण्यात आले, आणि आणणाऱ्यांचा व्यवसाय वर्तमानपत्र चालविण्याचा होता.

‘लोतो’ या पॅरिसमधील क्रीडादैनिकाचा संपादक आंरी देग्रांज हा स्वतः एके काळचा नामांकित स्वार. तासाभरात ३५ किलोमीटरहून अधिक अंतर तोडण्याचा विक्रम १८९३ साली त्याच्या नावे नोंदला गेला होता. प्रतिस्पर्धी ‘ल व्हेलो’पुढे त्याचे पत्र हतबल झाले असताना जेओ लफेव्हर या तरुण सहकाऱ्याने सबंध फ्रान्सला प्रदक्षिणा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचविली. सहा टप्पे आणि २४२८ किलोमीटर असा तो पहिला मार्ग होता. साठ स्वार निघाले, एकवीस परतले. शर्यतीच्या काळात पत्राचा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. परंतु नवलाई टिकत नाही. वाचकाला दर वर्षी काही अधिक भयंकर द्यावे लागते, आणि सपाट रस्त्यावर ते किती देणार?

१९१० साली पिरेनीजचा मार्ग ठरला तो असा. आल्फाँस स्तेनेस हा देग्रांजचा सहकारी तूरमाले खिंडीची पाहणी करण्यास गेला. मोटार बर्फात अडकली, तो पायी निघाला, रात्री वाट चुकला आणि शोधास निघालेल्या लोकांनी त्याला कसेबसे गावात आणले. त्यानंतर त्याने पॅरिसला तार केली ती रस्ता उत्तम आहे आणि जाण्यास काहीही अडचण नाही, अशी! मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तूरमालेची उंची २११५ मीटर, म्हणजे बोरघाटाच्या माथ्याच्या तिपटीहून अधिक. आणि एकाच टप्प्यात अशा अनेक खिंडी ओलांडावयाच्या होत्या. ल्युशाँ ते बायोन हे ३२६ किलोमीटरचे अंतर, कच्चे रस्ते, गिअर बदलण्याची सोय नसलेल्या जड सायकली. चौदा तासांनी पहिला आलेला ऑक्ताव लापीझ वाटेत ओबिस्क घाटात सायकल ढकलीत असताना तेथे उभ्या असलेल्या व्यवस्थापकांना ‘मारेकरी’ म्हणाला. ती शर्यत त्यानेच जिंकली, हे ध्यानात घेतले पाहिजे. तेव्हा हा उद्गार पराभूताचा त्रागा नव्हता.

देग्रांजच्या नियमांचे स्वरूप १९१३ साली तूरमालेच्या उतारावर उघडे पडले. जेतेपद हातातोंडाशी आलेले असताना ऊजेन क्रिस्तॉफच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. कोणाचेही साहाय्य घेता कामा नये असा दंडक असल्यामुळे तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरहून अधिक वाट चालत खाली आला आणि सेंत-मारी-द-काँपाँ येथील लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडू लागला. नियमभंग होतो की काय हे पाहण्यास अधिकारी शेजारी उभे होते. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून एका मुलाने भाता ओढला. या अपराधाबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे कृपावंत होऊन तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. क्रिस्तॉफच्या चिकाटीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या अधिकाऱ्यांविषयी फारसे लिहिलेले नाही. चढाला उपयोगी पडणारी गिअर बदलण्याची यंत्रणा इतर स्वार वापरू लागले होते, तरी टूरमधील व्यावसायिक स्पर्धकांना ती मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले, म्हणजे देग्रांजने सूत्रे खाली ठेवल्यानंतरचे वर्ष.

मानवी देहाला न झेपणारी मागणी केली की देह दुसरीकडून उसनवारी करतो. १९२४ साली अंगावरील सदऱ्यांच्या क्षुल्लक नियमावरून पेलिसिए बंधू शर्यत सोडून बाहेर पडले आणि आल्बेर लाँद्र या पत्रकारापुढे त्यांनी आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्या. आपण थोडे वाढवून सांगितले, असे फ्रान्सिस पेलिसिए पुढे म्हणाला खरे. पण १३ जुलै १९६७ रोजी व्हांतूच्या उजाड माथ्याखाली, कडक उन्हात, टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला तेव्हा त्याच्या शरीरात व खिशात अँफेटमिन सापडले, त्यात अतिशयोक्ती नव्हती. १९६५ चा विश्वविजेता, वय २९. उत्तेजकांविरुद्धचा फ्रेंच कायदा तेव्हा दोन वर्षांचा होता.

येथे स्वारांची बाजू घेणाऱ्यालाही एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागते. १९६६ साली टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी झाली तेव्हा तिच्या निषेधार्थ सायकलीवरून उतरले ते स्वारच. १९९८ चे फेस्टिना प्रकरण आणि २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची काढून घेतलेली सात विजेतेपदे यांत केवळ बळी पाहणे भाबडेपणाचे होईल. तेथे नियोजनबद्ध लबाडी होती. शिवाय अंतर कमी केल्याने पाप कमी होते, असेही दिसत नाही. १९२६ ची शर्यत ५७४५ किलोमीटरची होती, हल्ली ती साधारण साडेतीन हजारांची असते. तरी सर्वांत मोठी फसवणूक याच अलीकडच्या काळातली. म्हणून डोंगरच काढून टाका, ही सूचना निरुपयोगी आहे. स्वारांनाही ती नको असेल, कारण त्यांची कीर्ती तेथेच घडते.

खरा प्रश्न निर्णयाच्या अधिकाराचा आहे. जुलै १९७८ मध्ये रात्री उशिरापर्यंत प्रवास, पहाटे उठून पुन्हा शर्यत आणि एका दिवसात दोन टप्पे, याला कंटाळून बेर्नार इनो याच्यासह सर्व स्वार व्हालांस-दाजाँ येथे सायकली हाती धरून अंतिम रेषेकडे चालत गेले. स्थानिक लोकांनी त्यांची हुर्यो उडविली. पण बोलण्याचा दुसरा मार्ग त्यांना ठेवलेला नव्हता. ‘लोतो’चा वारसा सांगणारे ‘लेकिप’ हे दैनिक आणि ही शर्यत आजही एकाच उद्योगसमूहाच्या मालकीची आहेत. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात वाटा मिळावा, ही संघांची जुनी मागणी आहे. मार्ग आखणारा, नियम करणारा आणि नफा घेणारा हात एकच असला, की त्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबणे एवढेच स्वारांच्या हाती उरते.

ती सद्‌बुद्धी कधी कधी होते, हे नाकारण्याचे कारण नाही. विपरीत हवामानासाठी २०१६ पासून नियमावली आहे. २०१९ मध्ये पुढच्या रस्त्यावर गारांचा आणि चिखलाचा लोट आल्याचे कळताच टप्पा थांबविण्यात आला व इझराँ खिंडीवरील वेळ ग्राह्य धरण्यात आली. पण निसर्गाने रस्ता बंद केल्यावर थांबणे वेगळे आणि मार्ग आखतानाच धोका टाळणे वेगळे. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला खिंडीच्या उतारावर जिनो मेडर हा २६ वर्षांचा स्वार दरीत कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावला. अंतिम रेषा त्या वेगवान उताराच्या पायथ्याशी आखलेली होती. ती खिंडीच्या माथ्यावर ठेवता आली असती, असे त्याच शर्यतीतील सहस्पर्धकाने बोलून दाखविले. हे मत मार्ग जाहीर होण्यापूर्वी विचारले जावे आणि उतार व उन्हाळ्याच्या बाबतीत ते बंधनकारक मानले जावे, एवढीच मागणी आहे. फ्रान्समधील जुलै आता १९१० चा राहिलेला नाही, आणि व्हांतूच्या माथ्यावर सावली आजही नाही.