दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग उभी आहे. कोयना आणि चांदोली येथील अरण्ये याच रांगेत असून २०१० साली ती सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाली. पावसाळ्यात येथे धुके दाटले, म्हणजे चार पावलांवरची वाट दिसेनाशी होते. अशा रानात हिंडणाऱ्यांना जी.पी.एस. नावाचे हातात मावणारे यंत्र फार उपयोगी पडते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ते ग्रहण करते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे ते सांगते. मोबाइलमध्येही ही सोय असते. परंतु पाऊस, चिखल आणि आदळआपट सोसण्यासाठी हे यंत्र मुद्दाम दणकट बनवलेले असते.

असे यंत्र एके दिवशी बंद पडले, तर काय करावे? कोणी म्हणेल, "टाकून द्या आणि नवे आणा." दुसरा म्हणेल, "पैसे कशाला घालवता? काहीतरी करून चालवा." ही दोन्ही उत्तरे विचार न करता दिलेली आहेत. माझ्या मते दुरुस्तीचा विचार नेहमी आधी करावा. मात्र दुरुस्त केलेल्या यंत्रावर पूर्ण विश्वास टाकता येत नसेल, तर ते निःसंकोच बाजूस ठेवावे.

प्रथम पाहावयाचे ते हे, की यंत्राचे नेमके काय बिघडले आहे. पुष्कळदा यंत्र मुळीच बिघडलेले नसते. आत ठेवलेले सेल गळतात, पत्र्याच्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि वीज पोहोचत नाही. गंज खरवडून नवे सेल घातले, की काम भागते. पाणी आत शिरू न देणारी रबरी पट्टी फाटली असेल, तर ती बदलता येते. काच तडकली असेल, तर तिचा सुटा भाग मिळतो किंवा नाही व त्याची किंमत काय, याची चौकशी करावी. परंतु पाणी आतपर्यंत जाऊन सर्किट बोर्डच गंजला असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो आणि भरवसा मात्र अर्धाच उरतो.

नाजूक यंत्र एकदा आपटले, की ते गेलेच, असे मात्र समजू नये. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर विल्यम लॅम्टन यांचे जमीन मोजण्याचे थोर यंत्र दोरांनी वर चढवले जात होते. थिओडोलाइट नावाचे ते यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटले आणि त्याचे मोठे चक्र वाकले. इंग्लंडहून दुसरे यंत्र यावयाचे, तर समुद्रप्रवासातच कित्येक महिने गेले असते. लॅम्टन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते चक्र हळूहळू पूर्ववत गोल केले. पुढे अनेक वर्षे हेच यंत्र भारताच्या सर्वेक्षणाच्या कामी आले.

या प्रसंगातून चिकाटीइतकीच दुसरीही एक गोष्ट घ्यावयाची आहे. यंत्र नुसते चालू होणे पुरेसे नाही. ते अचूक असले पाहिजे. दुरुस्त केलेले जी.पी.एस. यंत्र घेऊन थेट रानात जाणे धोक्याचे आहे. ज्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश आधीच ठाऊक आहेत, तेथे निरनिराळ्या दिवशी उभे राहून त्याची परीक्षा घ्यावी. बंद पडलेले यंत्र माणसाला निदान सावध करते. चुकीची वाट दाखवणारे यंत्र त्याला कड्याच्या टोकाशीही नेऊ शकेल. जेथे जिवाचा प्रश्न आहे, तेथे काटकसर करू नये.

कधी कधी यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते. जी.पी.एस. उपग्रहांच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होते. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री असे घडले, तेव्हा कित्येक जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली. अशा यंत्राची आतील आज्ञावली बदलता येत नसेल, तर कोणताही कारागीर त्याला फारशी मदत करू शकत नाही.

तरीही दुरुस्तीची विद्या हलकी समजू नये. सांगली जिल्ह्यातील मिरज शहर सतार व तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणारे येथील शिकलगार, गवयांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवावयास शिकले, असे सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तारांच्या घर्षणाने घोडी झिजली, तर कारागीर ती पुन्हा घासून जवारी साधतो. त्यासाठी कोणी तंबोरा टाकून देत नाही. वस्तू उघडून पाहणारा हात हळूहळू वस्तू घडवू लागतो, हा दुरुस्तीचा मोठाच लाभ आहे.

यात यंत्र बनवणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. सुटे भाग मिळालेच नाहीत, तर ग्राहकाची इच्छा असून काय उपयोग? म्हणूनच भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. आणि यंत्र टाकावयाचेच ठरले, तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. त्यातील विषारी द्रव्ये माती व पाणी दूषित करतात. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावे.

तुमच्या घरातील घड्याळ, सायकल किंवा रेडिओ बंद पडेल, तेव्हा हेच प्रश्न विचारा. काय मोडले आहे? ते नीट होईल काय? नीट झाल्यावर त्यावर विसंबता येईल काय? या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाल्यावर जुने राखले काय किंवा नवे घेतले काय, तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल.