पाटी काढणारीचें नांव पाटीवर हवें

लाल काठाच्या त्रिकोणी पाटीवर फावडें घेऊन वांकलेला काळा माणूस आपण सर्वांनीं रस्त्यावर पाहिला आहे. पुढें खोदकाम चाललें आहे, गाडी हळू हांका, एवढें तो सांगतो. आणि अक्षरओळख नसलेल्या गाडीवानालाही सांगतो. ह्याचा सख्खा भाऊ शोभेल असा एक माणूस इंग्लंडांतल्या रस्त्यांवर उभा आहे. तो एका बाईनें काढलेला आहे. माणूस लाखों लोकांनीं पाहिला, पण तो काढणारी बाई कोण ह्याची चौकशी कित्येक वर्षें कोणी केली नाहीं.

अक्षर, चित्र आणि रंग ह्यांची जुळणी करून पाटीला, जाहिरातीला, पुस्तकाच्या वेष्टनाला रूप देणें, ह्या धंद्याला हल्लीं ग्राफिक डिझाइन म्हणतात. त्यांत काम केलेल्या बायकांचीं प्रदर्शनें आतां विलायतेंत भरूं लागलीं आहेत. प्रदर्शन भरवायचें म्हटलें कीं आधीं त्याची ओळख ठरवावी लागते: नांव काय, अक्षर कसें, रंग कोणता, खूण कोणती. मग तीच ओळख तिकिटावर, जाहिरातीवर, दारावरच्या फळीवर सगळीकडे जाते. दिंडीला जशी पताका, तशी प्रदर्शनाला ही ओळख. बायकांच्या कामाच्या प्रदर्शनाची पताका कशी असावी, ह्याविषयीं आम्हांला चार शब्द बोलायचे आहेत. शेतकऱ्याला आणि सुताराला ह्याच्याशीं काय करायचें, असें कोणी म्हणेल. त्यानें जरा दम धरावा.

वर सांगितलेली बाई म्हणजे मार्गारेट कॅल्व्हर्ट. जन्म 1936 चा, दक्षिण आफ्रिकेंतल्या डर्बन शहरीं. 1950 सालीं त्या इंग्लंडांत आल्या. चेल्सीच्या कलाशाळेंत त्यांचे शिक्षक होते जॉक किनिअर. गॅटविक विमानतळाच्या पाट्यांचें काम किनिअर ह्यांना मिळालें तेव्हां त्यांनीं ह्या विद्यार्थिनीला मदतीला घेतलें. पुढें नव्या मोटाररस्त्यांच्या पाट्या आणि मग सगळ्या देशाच्या रस्त्यांच्या पाट्या ह्याच दोघांकडे आल्या. 1 जानेवारी 1965 पासून नव्या पाट्या कायद्यानें लागू झाल्या.

पाट्यांवरचीं बरींचशीं चित्रें कॅल्व्हर्टबाईंच्या हातचीं आहेत. गुरें रस्ता ओलांडतात ह्या पाटीसाठीं त्यांनीं वॉरिकशायरमधल्या नातलगांच्या शेतावरची गाय नमुन्याला घेतली. तिचें नांव पेशन्स, म्हणजे सबुरी. दावणीला गाय असलेल्या माणसाला हें सांगायला नको कीं चार रेघांत गाय उभी करायची तर ती गाय आधीं नीट पाहिलेली असावी लागते. शाळेजवळच्या पाटीची गोष्ट तर त्याहून मोलाची आहे. जुन्या पाटीवर मुलगा पुढें आणि मुलगी मागें असे. मुलाच्या डोक्यावर टोपी, हातांत दप्तर; म्हणजे निवडक मुलांच्या ग्रामर शाळेंतलीं लेकरें तीं! बाईंना तें खटकलें. सगळींच मुलें कांहीं तसल्या शाळेंत जात नाहींत. त्यांनीं टोपी काढून टाकली, मोठ्या मुलीला पुढें केलें आणि धाकट्या मुलाचा हात तिच्या हातांत दिला. ती मुलगी आपल्या स्वतःच्या लहानपणावरून काढली, असें त्या सांगतात. एका पाटीवर केवढा फरक झाला पाहा! गरिबाचें पोर पाटीवर आलें आणि घरोघरीं धाकट्या भावाला सांभाळणारी थोरली बहीणही आली. हा विचार करायला तसली बाईच तेथें असावी लागली.

किनिअर ह्यांनीं अन्याय केला असें नाहीं. त्यांनीं बाईंना भागीदार केलें आणि पेढीच्या नांवांत त्यांचें नांव घातलें. तरीही सरकारी किताब त्यांच्यापर्यंत पोंचायला 2016 साल उजाडावें लागलें. दोष एका माणसाचा असता तर तो निस्तरतां आला असता. ह्या धंद्याची रीतच अशी आहे कीं काम डोळ्यांपुढें राहतें आणि करणारा आड जातो. आणि करणारी असली तर दोनदां आड जाते.

लंडनच्या डिझाइन म्युझियमनें 2020 च्या ऑक्टोबरांत कॅल्व्हर्टबाईंच्या कामाचें प्रदर्शन उघडलें. नांव ठेविलें ‘वुमन ॲट वर्क’, म्हणजे ‘बाई कामावर आहे’. फावडेंवाल्या पाटीला तिकडे लोक ‘मेन ॲट वर्क’ म्हणतात. त्यांतला एकच शब्द फिरविला आणि सगळी हकीकत सांगून झाली! ह्याला आम्हीं खरी ओळख म्हणतों. ती बाहेरून आणून चिकटविलेली नाहीं, बाईंच्याच हातच्या कामांतून काढलेली आहे.

ह्याच्या शेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवूं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जाहिराती चितारणाऱ्या बायकांचें प्रदर्शन तेथील ट्रान्सपोर्ट म्युझियमनें 2017 च्या ऑक्टोबरांत भरविलें. 1910 सालीं एला कोट्स ह्या बाईला पहिलें काम मिळालें, तेथपासूनचीं चित्रें त्यांत होतीं. माल उत्तम. नांव मात्र ‘पोस्टर गर्ल्स’. जाहिरातींत मिरवणाऱ्या सुंदर मुलीला तिकडे पोस्टर गर्ल म्हणतात. तो शब्द उलटवून चित्र काढणारीला लाविला, ही चतुराई खरी. पण पोट भरण्यासाठीं उभा जन्म कुंचला धरलेल्या बायांना ‘पोरी’ कां म्हणावें? पुरुष चितारी असते तर ‘पोस्टरचे पोरगे’ अशी पाटी कोणी लाविली असती काय? आमच्या मतें येथें नाकापेक्षां मोतीं जड झालें.

आणखी एक गोष्ट, जिचा आपल्या मराठी अक्षरांशीं संबंध पोंचतो. इंग्लंडांत सॅलफर्ड्स येथें मोनोटाइप कंपनीचा टाइपांचा कारखाना होता. कागदावर दहा इंच उंचीचें एकेक अक्षर काटेकोर रेघेनें काढायचें आणि त्यावरून पुढें धातूचा टाइप घडवायचा, हें काम तेथील आरेखनखात्यांत चाले. ह्या खात्यांत पुष्कळशा बायका होत्या. 1928 चा ‘गिल सॅन्स’ टाइप जगभर गेला तो एरिक गिल ह्यांच्या नांवानें. अक्षरांना छापण्याजोगें वळण देणाऱ्या ह्या बायकांचें नांव त्यावर नाहीं. ह्याच कंपनीनें देवनागरीचेही टाइप केले. पुढें लायनोटाइप कंपनींत 1978 पासून फिओना रॉस ह्या बाईनें देवनागरी, बंगाली इत्यादि लिप्यांच्या टाइपांचें काम पाहिलें. ‘आनंदबझार पत्रिका’ ह्या बंगाली दैनिकाचा टाइप टिम हॉलोवे आणि त्या अशा दोघांच्या मेहनतीचा आहे. मागाहून ह्याच रॉसबाईंनीं रेडिंग विद्यापीठांत आरेखनखात्यांतल्या ह्या अनाम बायकांचा शोध चालविला. आपण रोज सकाळीं जें अक्षर वाचतों, त्याच्या मागें कोणाकोणाचे डोळे शिणले असतील ह्याचा ह्यावरून अंदाज करावा.

आतां आपल्या घरीं येऊं. डहाणू-तलासरीकडे वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सवाशिणींचा. 1970 नंतर तींच चित्रें कागदावर उतरलीं, शहरांत गेलीं, त्यांना मोल आलें. आणि नांवाजले गेले ते बहुतेक पुरुष. जिव्या सोमा म्हसे ह्यांना 2011 सालीं पद्मश्री मिळाली. ते थोर चितारी होते, मान त्यांना शोभला. पण ज्या हातांनीं पिढ्यान् पिढ्या तांदळाच्या पिठानें चौक लिहिला त्यांचीं नांवें कोणत्या भिंतीवर आहेत? कामाला किंमत आली कीं तें बाईच्या हातून सुटतें, ही गोष्ट सुताराच्या, कुंभाराच्या, कोष्ट्याच्या घरांत नवी नाहीं. कांड्या कोण भरतें आणि शालू कोणाच्या नांवावर विकला जातो, हें प्रत्येकानें आपल्या मागाकडे पाहून सांगावें.

उद्यां आपल्याकडे कोणी असें प्रदर्शन भरविलें तर त्याची पताका कशी होईल ह्याची आम्हांला धास्तीच वाटते. 8 मार्चला ज्या जाहिराती निघतात त्या पाहा: गुलाबी रंग, मोकळे केंस, नाकांत नथ, आणि चेहऱ्याला डोळेच नाहींत! बाईच्या कामाचें प्रदर्शन आणि पताकेवर काम कोठेंच नाहीं. त्यापेक्षां एखादीनें काढलेलें एकच अक्षर मोठें करून लावावें, त्याच्याखालीं तिचें संपूर्ण नांव तितक्याच ठळक टाइपांत छापावें, आणि पताका काढणारीलाही रोख दाम देऊन तिचें नांव कोपऱ्यांत घालावें. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कामाला स्त्री-पुरुष नसतो, मग बायकांचें वेगळें दालन कशाला, असा एक आक्षेप आहे. त्यांत तथ्य आहे. वेगळें दालन म्हणजे कायमचा वेगळा गोठा होऊं नये. पण जमाखर्चाच्या वहींत ज्यांच्या नोंदी राहून गेल्या त्यांच्या पुरवणीचें पान आधीं लिहावें लागतें. मूळ वही दुरुस्त झाली कीं पुरवणी फाडून टाकावी.

ही गोष्ट लंडनपुरती नाहीं, म्हणून तर एवढें लिहिलें. आज तालुक्याच्या गांवीं छापखान्यांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत संगणकापुढें शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या लेकी बसलेल्या असतात. लग्नपत्रिका, जत्रेचा फलक, बियाण्याच्या दुकानाची पाटी त्यांच्या हातून जुळून निघते. फलकाच्या खालच्या कोपऱ्यांत दुकानाचें नांव आणि फोनचा आंकडा असतो. जुळणी करणारीचें नांव नसतें, आणि नांव नाहीं म्हणून दुसऱ्या दुकानांत ती आपलें काम दाखवूंही शकत नाहीं. पगार वाढवून मागायला तिच्याजवळ पुरावा उरत नाहीं. येत्या लग्नसराईंत आपल्या घरची पत्रिका छापायला टाकाल, तेव्हां छापखानेवाल्याला सांगा कीं खालीं आणखी एक ओळ घाल: जुळणी अमुक हिची. त्याला शाई जास्त लागत नाहीं.