गार नूडल्स आणि हंसध्वनी

वैशाखाच्या उन्हात गेल्या आठवड्यात आमच्या घरी जपानी पद्धतीच्या गार नूडल्स झाल्या. ताटली पाहताच मातोश्री म्हणाल्या, "अरे, शेवया गार करून कोण खातं? आणि हे परक्यांचं घरात कशाला?" बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून हा प्रश्न नवा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत अशी की हा पदार्थ जपानातही बाहेरचाच. त्याचे नाव 'हियाशी चूका', म्हणजे गार केलेले चिनी खाणे. १९३७ साली सेंदाई शहरातील एका चिनी खाणावळीत तो निघाला असे सांगतात. उन्हाळ्यात वाफाळत्या रश्शातील नूडल्सना गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ही युक्ती! तेव्हा परकेपणाचा आक्षेप मला मुळीच मान्य नाही.

माझे भांडण आहे ते दुसऱ्या बाजूशी. हल्ली जो तो यात चाट मसाला भुरभुरतो, वरून फोडणी ओततो आणि 'जपानी' म्हणून वाढतो. प्रथम मीही फोडणी दिली होती. गार नूडल्सचा तेलकट गोळा झाला. दाक्षिणात्य हंसध्वनी आपण आनंदाने आपलासा केला. माझे वडील दरबारचे गवई. तेही तो आवडीने गात. पण मध्यम-धैवत लावून त्याला कोणी हंसध्वनी म्हणत नाही.

येथे वर्ज्य काय ते थोडकेच आहे. नूडल्स शिजल्या की वाहत्या गार पाण्याखाली हाताने चोळून धुवाव्यात. वरचे पीठ गेले पाहिजे, नाहीतर चिकटतात. मग बर्फाच्या पाण्यात घालून लगेच निथळाव्यात. पाणी राहिले की रस फिका पडतो. दोघांपुरत्या रसाला सोया सॉस तीन चमचे, व्हिनेगर दोन, पाणी दोन, साखर दीड आणि भाजलेल्या तिळांचे तेल एक चमचा. आपल्या साध्या तीळतेलाला तो वास नसतो. त्याऐवजी तीळ खमंग भाजून कुटून घालावेत. वर काकडीच्या बारीक सळ्या. जपानी लोक अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या व हॅमही रचतात. आमच्याकडे अंडे चालत नाही, तेव्हा गाजर घेतले.

मोहरीही आहे बरे का, पण तडतडलेली नव्हे. वाटलेली, ताटलीच्या कडेला बोटभर. मातोश्रींनी तेवढी मागून घेतली. शेवया अजून 'बघू' म्हणून बाजूला आहेत.