चढावर बोलता येतंय का?

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘किती मिनिटांत?’ पहिल्याच उभ्या चढावर धाप लागून दगडावर टेकलेला गडी मग उगाच ओशाळतो. ‘स्टॅमिनाच नाही तुझ्यात,’ असं म्हणून बरोबरचे मोकळे होतात.

खरं तर त्याचा भाता चोख काम करत असतो. सपाटीवर शरीर नुसतं पुढे न्यायचं, चढावर मात्र ते पावलागणिक उचलावं लागतं. सत्तर किलोच्या माणसाने सुमारे 600 मीटर चढ चढला, तर निव्वळ वजन वर नेण्याचं काम 100 किलोकॅलरींच्या आसपास भरतं. स्नायू ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे खर्च 400च्या घरात!

हे इंधन जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकावाच लागतो. एरवीच्या श्वासाची दोरी प्रामुख्याने याच वायूच्या हाती असते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखवून दिलं. चढावर तिला आणखी हात लागतात. मेंदू पायांना हुकूम देतो तेव्हाच श्वसनकेंद्रालाही वर्दी जाते, म्हणून पहिल्या पावलांतच श्वास वाढतो. बसल्या जागी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते. जोरकस चढाईत ती 100 लिटरच्याही पुढे जाते. धाप लागली म्हणजे रक्तातला ऑक्सिजन संपत आला, ही समजूत चुकीची. निरोगी माणसात तो सिंहगडाच्या उंचीवर फारसा घटत नाही.

वेग आणखी वाढवला की रक्तातली आम्लता वाढते, ती आवरायला श्वास एकदम उसळतो आणि वाक्य मध्येच तुटतं. ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची आहे. ट्रेकच्या म्होरक्याने मिनिटं मोजण्याऐवजी सर्वांत मागच्याला बोलतं करावं आणि त्याच्या उत्तरावरून सगळ्यांची चाल ठरवावी.

मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा थांबूनही धाप ओसरली नाही, तर चढाई तिथेच थांबवून डॉक्टर गाठायला हवा. एरवी दगडावर टेकलेल्याला दोन मिनिटं द्यावीत. माथ्यावरची पिठलं-भाकरी तेवढ्यात संपत नाही.