ठसा कुणाचा, हात कुणाचा?

जुनी चांदी जमवणे हा श्रीमंतांचा छंद, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अमेरिकेतील 'कॉइन सिल्व्हर'चे डाव आणि वाढायचे मोठे चमचे पाहा. १८५९ साली नेवाडात कॉमस्टॉकची खाण सापडेपर्यंत त्या देशात चांदीची वानवाच. म्हणून सोनार स्पॅनिश डॉलर आटवीत आणि रोकडीचे डाव घडत! कसही नाण्याचाच, हजारात सुमारे ९००.

संग्राहक मागच्या ठशावरून मोल ठरवतात. माझा आक्षेप इथेच आहे. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिलाच मी. नाव कुणाचे राहते याकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. दक्षिणेतील चार्ल्सटन शहरी काही पेढ्यांत हातोडी गुलामांच्या हाती असे, ठसा मालकाचा. तिथला सोनार अलेक्झांडर पेट्री वारल्यावर मालमत्ता विकली गेली, तीत चांदीकाम जाणणारा अब्राहमही विकला गेला. फिलाडेल्फियाच्या पीटर बेंटझनसारखा, स्वतःचे नाव उमटवणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीर विरळाच.

तेव्हा अशा पेढीच्या डावाखाली 'अमक्याने घडवला' असे लिहू नये. 'अमक्याचा ठसा' एवढेच लिहावे, आणि घडवणाऱ्याचे नाव मालकाच्या मालमत्तेच्या यादीत शोधावे.